दौऱ्यावरचा वाद्यवृंद आणि सभागृहातले नातलग

शंभरेक वादकांचा सिंफनी वाद्यवृंद अख्खाच्या अख्खा परदेशी नेण्याची चाल आगगाडी आणि आगबोट यांच्या जोरावर रुजली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकची स्थापना 1842 सालची. पण त्याचा पहिला परदेश दौरा थेट 1900 साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, गुस्ताव माहलर यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यात इतकी खोट आली की वादकांच्या परतीच्या भाड्यासाठी माहलर यांना रोथशिल्ड घराण्याचे दार ठोठावावे लागले. 1912 च्या एप्रिलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आर्थर निकिश यांच्यासह अमेरिकेला गेला. या वाद्यवृंदाची जागा आधी टायटॅनिकवर राखलेली होती. बेत बदलला आणि मंडळी बाल्टिक बोटीने गेली. त्या काळी वादकाचे घरचे लोक बंदरापर्यंत निरोप द्यायला येत आणि पुढचे सगळे पत्रांतून कळे. परदेशातल्या सभागृहात वादकाच्या ओळखीचे कोणी बसलेले असणे हा अपवादच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाने हे चित्र पालटले, तरी दौऱ्याची मूळ घडी फारशी बदलली नाही. व्हायोलिन आणि व्हायोला वादकाच्या हातात राहतात. डबल बास, हार्प, टिंपनी आणि तालवाद्ये आतून अस्तर लावलेल्या मोठ्या पेट्यांतून मालविमानाने किंवा ट्रकने पुढे जातात. पोशाखांसाठी उभ्या पेट्या असतात. त्यांत कोट हँगरवर लटकलेले राहतात, म्हणजे मैफलीआधी इस्त्री शोधत फिरावे लागत नाही. नव्या शहरातल्या सभागृहाचा आवाज कसा आहे हे समजून घ्यायला मैफलीच्या दिवशी छोटीशी तालीम मिळते. वादकाला रोजचा भत्ता मिळतो. सोबत यायचे असेल तर घरच्यांनी बहुतेक वेळा आपल्या खर्चाने यायचे, आणि राजकीय दौऱ्यांत विमानातल्या जागा मोजून दिलेल्या असल्याने तेही जमत नसे. गावात कोणी नातेवाईक असेल तर वादक व्यवस्थापकाकडे एक-दोन पास मागून ठेवतो. वादक आणि नातलग यांच्यातली ही साधी देवघेव विसाव्या शतकात बऱ्याच वेळा दोन सरकारांच्या हातात गेली.

याचे कारण वाद्यवृंदांच्या घडणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातल्या ज्यू कुटुंबांचा लोंढा अमेरिकेकडे वळला. 1917 ची रशियन क्रांती आणि 1933 नंतरची नाझी राजवट यांनी त्यात भर घातली. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांचे तंतुवाद्य विभाग या लोंढ्यातूनच भरले. बोस्टन सिंफनीला 1924 ते 1949 अशी पंचवीस वर्षे घडवणारे सर्ज कुसेवित्स्की रशियातल्या विश्नी वोलोचोकचे. फिलाडेल्फियाचे युजीन ऑरमँडी आणि क्लीव्हलँडचे जॉर्ज सेल हे दोघेही बुडापेस्टचे. असा वाद्यवृंद युरोपच्या पूर्वेकडे निघाला की कागदोपत्री तो परदेश दौरा असे, पण अनेक वादकांसाठी तो आईबापांच्या गावाकडचा प्रवास ठरे. या दौऱ्यांचा इतिहास बहुधा मुत्सद्देगिरीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तो तसा आहेच. पण स्थलांतराचा इतिहास म्हणून वाचला तरच त्यातले माणूसपण हाती लागते.

1954 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सांस्कृतिक कार्यक्रम परदेशी पाठवण्यासाठी खास निधी उभा केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर 1956 मध्ये, बोस्टन सिंफनी चार्ल्स मुन्श आणि पियेर माँतू यांच्यासह लेनिनग्राड आणि मॉस्कोला गेला. सोव्हिएत संघात वाजवणारा हा पहिला अमेरिकी वाद्यवृंद. जानेवारी 1958 मध्ये दोन्ही देशांत सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार झाला आणि त्या वर्षी ऑरमँडी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राला तिकडे घेऊन गेले. कुसेवित्स्की मात्र 1951 सालीच वारले होते. क्रांतीनंतर तीनेक वर्षांत त्यांनी सोडलेला देश त्यांच्याच हातांनी घडलेल्या वाद्यवृंदाने पाहिला, त्यांनी नाही.

या सगळ्या दौऱ्यांत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा 1959 चा दौरा सर्वांत भरगच्च, आणि कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत बोलका. लिओनार्ड बर्नस्टाइन त्याच्या आदल्याच वर्षी संगीत संचालक झाले होते, वय चाळीस. 5 ऑगस्टला अथेन्समध्ये सुरुवात झाली आणि दहा आठवड्यांत 17 देश, 29 शहरे आणि 50 मैफली झाल्या. त्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सोकोल्निकी बागेत अमेरिकेचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तिथल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी वाद घातला होता. ख्रुश्चेव्ह स्वतः सप्टेंबरमध्ये अमेरिकेला निघणार होते. या दोन घटनांच्या मधल्या आठवड्यांत वाद्यवृंद मॉस्को, लेनिनग्राड आणि कीव्ह इथे वाजवत होता.

बर्नस्टाइन यांचे घराणे याच मुलखातले. वडील सॅम्युअल बर्नस्टाइन आजच्या युक्रेनमधल्या बेरेझ्दिव्ह या खेड्यात वाढले आणि 1908 साली सोळाव्या वर्षी घर सोडून अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या फुल्टन बाजारात त्यांनी आधी मासळी साफ केली, मग हार्टफर्डला नातेवाइकाच्या केशकर्तनालयात काम केले आणि शेवटी बोस्टनमध्ये केससाधनांचा धंदा उभा केला. आई जेनी शेपेतिवका या जवळच्याच गावची. सॅम्युअल यांना ज्यू धर्मग्रंथांचा गाढ नाद होता. मुलाने संगीताच्या नादी लागावे हे त्यांना कित्येक वर्षे मान्य नव्हते, कारण त्यांनी जुन्या मुलखात पाहिलेला वादक म्हणजे लग्नाबिग्नांत वाजवून पोट भरणारा, गावोगाव भटकणारा माणूस. त्या काळचे रशियातले ज्यू जीवन पाहिले तर त्यांचा हा ग्रह समजण्यासारखा होता.

मॉस्कोत वाद्यवृंदाने संगीतकार शोस्ताकोविच यांची पाचवी सिंफनी वाजवली, आणि ती ऐकायला शोस्ताकोविच स्वतः हजर होते. बर्नस्टाइन यांनी स्ट्राविन्स्की यांची ‘वसंतोत्सव’ ही रचनाही सादर केली. सोव्हिएत श्रोत्यांनी ती सुमारे तीस वर्षे सभागृहात ऐकली नव्हती. चार्ल्स आइव्हज यांची रचना वाजवण्याआधी त्यांनी श्रोत्यांसमोर तिच्याविषयी भाषण केले. मॉस्कोत असे बोलण्याची रीत नव्हती, त्यामुळे तिथल्या एका समीक्षकाने त्यांना वर्तमानपत्रातून चांगलेच फटकारले. श्रोत्यांनी मात्र ती रचना पुन्हा वाजवायला लावली. 11 सप्टेंबरच्या अखेरच्या मैफलीला लेखक बोरिस पास्तरनाक आले. आदल्या वर्षी नोबेल पुरस्कार नाकारणे भाग पडल्यापासून ते जवळपास वाळीत पडल्यासारखे राहत होते. बर्नस्टाइन आणि त्यांच्या पत्नी फेलिसिया यांनी पेरेदेल्किनोला त्यांच्या घरी जाऊन त्यांना आमंत्रण दिले होते. मध्यंतरात ते आत येऊन बर्नस्टाइन यांना कडकडून भेटले.

सॅम्युअल बर्नस्टाइन त्याच सुमारास बोस्टनहून मॉस्कोला आले. सोव्हिएत संघात राहिलेला त्यांचा भाऊ श्लोमो त्यांना तिथे भेटला. 1908 नंतर दोघे पहिल्यांदाच एकमेकांसमोर येत होते. मधल्या 51 वर्षांत दोन महायुद्धे, क्रांती, यादवी, युक्रेनमधला भीषण दुष्काळ आणि नाझींनी केलेला ज्यूंचा संहार एवढे सगळे घडून गेले होते. एक भाऊ भांडवलशाही देशातला यशस्वी व्यापारी आणि श्रद्धाळू ज्यू. दुसरा सोव्हिएत नागरिक. एका वाद्यवृंदाचे प्रमुखपद मुलाकडे नसते आणि त्या वाद्यवृंदाची मॉस्कोत मैफल नसती, तर ही भेट घडणे अवघड होते. साध्या माणसाला असल्या भेटीसाठी व्हिसा मिळणे त्या काळी दुरापास्तच होते. मुलाच्या ज्या व्यवसायाला बापाने विरोध केला, त्याच व्यवसायाने बापाला भाऊ परत भेटवला. दौऱ्याच्या अधिकृत अहवालांत मैफली आणि टाळ्या मोजल्या जातात. या भेटीचे मोल त्या हिशेबात बसत नाही, आणि तरी 1959 च्या दौऱ्यात तिच्याइतके मोलाचे फार थोडे घडले. परतल्यावर 20 ऑक्टोबरला वाद्यवृंदाने शोस्ताकोविच यांची पाचवी सिंफनी बोस्टनमध्ये ध्वनिमुद्रित केली. ते मुद्रण आजही ऐकले जाते.

उलट दिशेने येणाऱ्या सोव्हिएत वाद्यवृंदांची गोष्ट वेगळी होती. येव्गेनी म्राविन्स्की यांचा लेनिनग्राड फिलहार्मोनिक 1956 पासून पश्चिम युरोपात आणि पुढे अमेरिका, जपानपर्यंत गेला. प्रत्येक वादकाची परदेशवारी आधी पक्षाच्या आणि सुरक्षा यंत्रणेच्या चाळणीतून जाई, आणि दौऱ्यावर पाळत ठेवणारी माणसे बरोबर असत. हाती पडणारा भत्ता इतका तुटपुंजा की वादक घरून डबाबंद मांस आणि सुकी न्याहारी नेत. हॉटेलच्या खोलीत पाण्यात बुडवायच्या विजेच्या कांडीवर सूप करून खात. असे वाचवलेले चलन मुलांचे बूट किंवा वाद्याच्या तारा यांवर खर्ची पडे. सोव्हिएत दुकानांत चांगल्या तारा मिळत नसत. बायकामुले मात्र घरी राहत. तो नियमच होता, आणि त्यामागचा हेतू कोणापासून लपलेला नव्हता: वादक परत यावा म्हणून कुटुंब ओलीस ठेवलेले असे.

तरीही काहींनी परतण्याचे नाकारले. डिसेंबर 1978 मध्ये कंडक्टर किरिल कोंद्राशिन ॲमस्टरडॅममध्ये मागे राहिले. एप्रिल 1981 मध्ये सोव्हिएत रेडिओचा वाद्यवृंद पश्चिम जर्मनीत असताना त्याचे कंडक्टर मॅक्सिम शोस्ताकोविच आणि पियानोवादक म्हणून सोबत असलेला त्यांचा मुलगा द्मित्री यांनी फ्यूर्टमध्ये आश्रय मागितला. बाप कंडक्टर आणि मुलगा साथीला, असा योग दौऱ्यावर क्वचितच येई, आणि त्या योगामुळेच दोघांची सुटका शक्य झाली.

इस्रायल फिलहार्मोनिकचा जन्मच कुटुंबांना वाचवण्याच्या धडपडीतून झाला. व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव हुबरमन यांनी युरोपातल्या वाद्यवृंदांतून काढून टाकलेल्या ज्यू वादकांना एकत्र करून पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा उभा केला. 26 डिसेंबर 1936 रोजी तेल अवीवमध्ये आर्तुरो तोस्कानिनी यांनी त्याची पहिली मैफल केली. हुबरमन केवळ वादकांचे परवाने मागून थांबले नाहीत. वादकांच्या बायकामुलांसाठीही ते ब्रिटिश अधिकाऱ्यांशी झगडले. त्यामुळे वाचलेल्यांची संख्या हजाराच्या घरात सांगितली जाते. जे आईवडील, भावंडे मागे राहिली, त्यांतली पुष्कळ छळछावण्यांत संपली. हा वाद्यवृंद 1971 साली पहिल्यांदा जर्मनीला गेला तेव्हा कंडक्टर होते मुंबईचे झुबिन मेहता. बर्लिनच्या मैफलीअखेर त्यांनी इस्रायलचे राष्ट्रगीत वाजवले. वाद्यवृंदातले कित्येक जण ज्या देशात जन्मले होते, त्या देशाच्या सभागृहात त्यांचे स्वतःचे कोणीही उरले नव्हते. या दौऱ्याविषयी लिहिताना ही गैरहजेरी सोडून चालणार नाही. 1990 साली हाच वाद्यवृंद सोव्हिएत संघात गेला तेव्हा परिस्थिती पार बदललेली होती: सोव्हिएत भूमीतून इस्रायलला आलेले वादक आता त्यात होते, आणि त्यांचे नातेवाईक तिकडच्या शहरांत हयात होते.

झुबिन मेहता यांच्या घरातच या सगळ्याचा भारतीय धागा सापडतो. वडील मेहली मेहता यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. त्यात पारशी आणि गोव्याचे वादक होते, युरोपातून पळून आलेले काही ज्यू वादकही होते. 1954 साली झुबिन शिकायला व्हिएन्नाला गेले. मेहली पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवू लागले, आणि 1958 मध्ये स्पर्धा जिंकून झुबिन शेजारच्याच लिव्हरपूलला सहायक कंडक्टर झाले. काही काळ बापलेक इंग्लंडच्या दोन लगतच्या शहरांत होते. 1967 साली झुबिन लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक घेऊन मुंबईत आले, 1984 साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन. भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध 1992 साली जुळले आणि 1994 साली इस्रायल फिलहार्मोनिकही आला. आईवडिलांचे बिऱ्हाड 1964 पासूनच लॉस एंजेलिसला होते. मुंबईच्या सभागृहात भेटणारे आप्त म्हणजे चुलत-मामे भावंडे, शाळासोबती आणि मेहलींच्या वाद्यवृंदात वाजवलेले जुने वादक.

चीनची कहाणी अधिक करुण आहे. पियानोवादक फू त्सुंग यांनी 1955 साली वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला आणि 1958 मध्ये पोलंडहून ते लंडनला निघून गेले. शांघायमध्ये राहिलेले त्यांचे वडील फू लेइ हे फ्रेंच साहित्याचे मोठे अनुवादक. ते मुलाला सतत पत्रे लिहीत: तालमीविषयी, पुस्तकांविषयी, वागण्याविषयी. 1966 साली सांस्कृतिक क्रांतीच्या छळाला कंटाळून फू लेइ आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. परदेशात नातेवाईक असणे हाच त्या काळी गुन्हा होता. फू त्सुंग 1979 साली मायदेशी परतू शकले ते आईवडिलांच्या स्मृतिसभेसाठी. वडिलांची पत्रे 1981 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि चिनी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली.

सप्टेंबर 1973 मध्ये, निक्सन यांच्या चीनभेटीपाठोपाठ, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा बीजिंग आणि शांघायला गेला. पाश्चात्त्य अभिजात संगीतावर अजून बंदी होती. माओ यांच्या पत्नी च्यांग छिंग यांच्या आग्रहाखातर कार्यक्रमात बीथोव्हनची सहावी सिंफनी घालावी लागली. श्रोते सरकारने निवडून बसवले होते. चिनी वाद्यवृंदाच्या तालमीला गेलेल्या ऑरमँडी यांना यजमान कंडक्टर ली द-लुन यांनी बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीसाठी कंडक्टरची छडी हाती दिली. तिथल्या वादकांना बाहेरच्या माणसाच्या हाताखाली ती वाजवायला कित्येक वर्षांनी मिळत होती.

मार्च 1979 मध्ये बोस्टन सिंफनी गेला तेव्हा हवा सैल झाली होती. कंडक्टर सेइजी ओझावा हे जपानी, पण जन्म 1935 चा शेनयांगमधला; वडील तिथे दंतवैद्य होते. कुटुंब 1941 पर्यंत बीजिंगमध्ये राहिले. बालपण ज्या शहरात गेले त्याच शहरात ते अमेरिकी वाद्यवृंद घेऊन आले होते. लिउ शिखुन यांनी त्यांच्यासोबत लिस्टचा पियानो कंचेर्तो वाजवला. लिउ यांनी 1958 च्या चायकोव्स्की स्पर्धेत व्हॅन क्लायबर्न यांच्यामागोमाग दुसरे स्थान मिळवले होते, आणि सांस्कृतिक क्रांतीत तुरुंग भोगला होता. शेवटची मैफल बीजिंगच्या वाद्यवृंदाबरोबर संयुक्त झाली, एका क्रीडागृहात, सुमारे 18,000 श्रोत्यांपुढे.

सोव्हिएत काळाचा शेवट जवळ आल्याची खूण म्हणून फेब्रुवारी 1990 ची मॉस्कोची मैफल सांगितली जाते. चेलोवादक आणि कंडक्टर म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांनी लेखक सोल्झेनित्सिन यांना आपल्या घरी आसरा दिला होता. त्यामुळे सरकारची वक्रदृष्टी झाली आणि 1974 मध्ये त्यांनी देश सोडला. 1978 मध्ये त्यांचे आणि पत्नी गालिना विश्नेव्हस्काया यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. मॉस्को फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवणारी त्यांची बहीण वेरोनिका मागेच राहिली. गुरू, संगीतकार शोस्ताकोविच 1975 साली वारले, त्यांच्या अंत्ययात्रेलाही रोस्त्रोपोविच येऊ शकले नाहीत. जानेवारी 1990 मध्ये नागरिकत्व परत मिळाले. पुढच्याच महिन्यात ते वॉशिंग्टनचा नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन मॉस्कोच्या संगीत विद्यालयाच्या मोठ्या सभागृहात उभे राहिले आणि चायकोव्स्की यांची सहावी सिंफनी वाजवली. देश सोडण्याआधी मॉस्कोत त्यांनी शेवटची वाजवली होती तीही हीच.

26 फेब्रुवारी 2008 रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक लोरिन माझेल यांच्यासह उत्तर कोरियाच्या प्योंगयांगमध्ये वाजवत होता. दोन्ही देशांची राष्ट्रगीते झाली, ड्वोरझाकची ‘नव्या जगातून’ सिंफनी आणि गर्श्विन यांची पॅरिसवरची रचना झाली. बर्नस्टाइन यांच्या ‘कँडीड’ची प्रस्तावना वादकांनी कंडक्टरविना वाजवली. शेवटी ‘अरिरांग’ हे दोन्ही कोरियांत घरोघरी म्हटले जाणारे लोकगीत आले. वाद्यवृंदात कोरियन वंशाचे अनेक वादक होते. 1950 च्या युद्धात ताटातूट झालेली लाखो कुटुंबे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि सरकारने निवडलेल्या श्रोत्यांत आपले कोणी असले तरी ते ओळखण्याची सोय वादकाला नव्हती. ‘अरिरांग’ संपल्यावर श्रोते उभे राहून हात हलवत राहिले, मंचावरून वादकांनीही हात हलवले. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होते. दोनच दिवसांनी याच वादकांनी सोलमध्ये मैफल केली, आणि तिथे नातेवाइकांना तिकीट काढून येता आले.

चीनमध्ये आता तीच मोकळीक आहे. तिथे शिकलेले वादक अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांत आहेत, आणि दौरा बीजिंग-शांघायला गेला की त्यांचे आईवडील श्रोत्यांत बसतात. 1973 च्या दौऱ्याला पन्नास वर्षे झाली म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये फिलाडेल्फियाचे 14 वादक पुन्हा बीजिंगला गेले आणि चीनच्या राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंदात बसून वाजवले. 1973 मध्ये ऑरमँडी यांनी ज्याची तालीम घेतली होती, त्या सेंट्रल फिलहार्मोनिकचाच हा आजचा अवतार. चौदा जणांत व्हायोलिनवादक डेव्हिड बूथ होते. ते पहिल्या दौऱ्यातही होते.